सर्जेरावाची न मोडणारी पिन

"मोडायची न्हाई म्हंजे... कधीच न्हाई?" इलाही वस्तादानं विचारलं.

"गाडी मोडंल वस्ताद, पण ही पिन मोडायची न्हाई," सर्जेराव म्हणाला.

वस्तादाच्या तोंडातली बाभळीची काडी या गालातनं त्या गालात गेली, एवढंच.

आता पिन म्हणजे काय, तर पाटीवरच्या पेन्सिलीएवढी एक सळी. जहागीरदारांच्या जुन्या विलायती गाडीत पाणी फिरवायचा पंप आहे. त्या पंपाचा दांडा इंजिनाच्या दांड्याला अडकवून ठेवते ती. दिसत नाही, कुणी विचारत नाही. पण सर्जेरावानं ती अशी घासली होती की तिच्यात बघून मिशी कातरावी.

कोल्हापुरात इलाही शिकलगार वस्तादाचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लेथ आणि दारात चिंच. पण जुन्या गाडीला सुटा भाग मिळेना झाला की अख्ख्या जिल्ह्यातनं माणूस तिथंच येणार. कंपनी बुडाली, साहेब गेला, गाडी मात्र वस्तादाच्या दारात उभी.

जहागीरदारांची गाडी आली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. मागच्या गादीवर अंडी होती. जहागीरदार बाळासाहेब म्हणाले, आजोबा हिच्यात बसून सीमोल्लंघनाला जायचे, वडलांच्या वेळी बंद पडली, मला एकदा तिच्यातनं जायचंय. वस्तादानं अंडी काढून त्यांच्या हातात दिली आणि हाताखालच्या सर्जेरावाला म्हणाला, घे. तुझी.

सर्जेरावानं मग जे केलं, ते गावानं बघितलं. दिव्याची कडी फुटलेली, ती त्यानं आईच्या पितळी परातीची केली. आई आठवडाभर बोलली नाही. पेट्रोलच्या टाकीतला तरंगता बूच कुजलेला, तो औषधाच्या बाटलीच्या बुचाचा कोरला. पायातल्या पेडलला ट्रॅक्टरच्या टायरचं रबर. दाराची मूठ त्यानं घरातल्या कपाटाची काढली, आणि कपाट अजून सुतळीनं बांधलेलंय. इंजिनातली, पंपाला फिरवणारी दाताची चाकं तेवढी कंपनीची, मूळची. ती काही करता येण्यासारखी नव्हती. एक दात गेला असता तर गाडी परत कोंबड्यांना द्यावी लागली असती.

वस्तादानं एकाही भागाला चांगलं म्हटलं नाही. नावंही ठेवली नाहीत. बघायचा, काडी चावायचा, पुढं जायचा. डॉक्टरनं पान बंद केल्यापासून बाभळीची ती काडी दिवसभर तोंडात. पानाचा पितळी डबा मात्र शेजारी असायचाच, आल्यागेल्याला द्यायला.

शेवटी राहिली ती ही पिन. जुनी होती ती पितळेची, अर्धी झिजून गेलेली. सर्जेराव हसला होता. एवढी मोठी गाडी केली आणि गोऱ्या साहेबाला पिनेपुरतं लोखंड मिळालं नाही. त्यानं ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेतलं, तावून काढलं, कातलं, पाणी दिलं, आणि बुडावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठोकलं.

सर्जेरावाचं काय अडलं होतं, तर फेटा. कारखान्याची रीत अशी, की खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडायची आणि पोरांनी आपल्या हातचा वर्षातला चांगला जिन्नस हत्यारांशेजारी ठेवायचा. दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर वस्तादाच्या मनात आलं तर तो एखाद्याला फेटा बांधायचा. फेटा बांधला की तो मिस्त्री. मग त्याला कुणी पोरगा म्हणत नाही, मग त्यानं आपली पाटी लावावी. सर्जेरावाच्या डोक्याला पांढरे केस दिसायला लागले होते, आणि अजून येणारं गिऱ्हाईक विचारायचं, पोरा, मिस्त्री कुठंयत?

म्हणून आज, खंडेनवमीच्या सकाळी, त्यानं ती पिन मखमलीच्या तुकड्यावर घालून वस्तादापुढं धरली होती.

"गाडी मोडंल, पण पिन न्हाई..." वस्ताद सावकाश म्हणाला. "हे तू बोललास."

"लिहून द्यू?"

"नगं. मला वाचता येत न्हाई. चा सांगून ये."

सर्जेराव चहा घेऊन आला तोवर पंपाचं झाकण लागलेलं होतं आणि वस्ताद हात पुसत होता. पानाचा डबा शेजारीच, पण त्याच्या झाकणाला आज दोरा गुंडाळलेला. सर्जेरावाचं तिकडं लक्ष कुठलं. त्यानं विचारलं, पिन तुम्ही बसवली?

"हात खाजत हुता."

वस्तादानं स्वतःच्या हातानं पोराची पिन बसवली... सर्जेरावाची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्या घाबरल्या. मग हत्यारं धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. वस्तादानं झेंडूची अख्खी पाटी त्यांच्यावर पालथी केली. आता दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत कारखान्यातल्या पान्याला सुद्धा हात लावायचा नाही.

दसऱ्याला दुपार कलताना जहागीरदारांच्या गावात, करंजवड्यात, त्यांच्या दारातनं गाडी बाहेर पडली. पुढं हलगी, मागं देवीची पालखी, मधी ही गाडी. उन्हात परातीची कडी अशी चमकत होती की सर्जेरावाची आई सुद्धा शेवटी बोलली. म्हणाली, परात माझी हाय ती.

बाळासाहेब मागं रेशमी कोटात बसलेले. वस्ताद पायरीवर बसलेला, पाय खाली सोडून, तोंडात काडी. आणि सर्जेराव स्टिअरिंगवर. शहरातले दोन-तीन मिस्त्री मुद्दाम बघायला आले होते. त्यांना त्यानं गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं. कुठला भाग कशाचा, आणि सगळ्यात शेवटी पिनेचं. पोलादाची. वस्तादानं हातानं बसवलीय. मोडायचीच नाही. हे त्यानं वाटेत इतक्यांदा सांगितलं की हलगीवाल्याला पाठ झालं.

ओढ्याच्या चढाला गाडीनं उसासा टाकला.

मग तोंडातनं वाफ.

मग उभी राहिली. हलगी थांबली. पालखी थांबली. माळावरचं शमीचं झाड समोर दिसत होतं, आणि अलीकडं गाडी, बसलेल्या म्हशीसारखी.

"काय रं सर्जा, लोखंडाला घाम फुटला व्हय?" गर्दीतनं कुणीतरी म्हटलं.

 बाळासाहेबांनी कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं. भटजी म्हणाले, सूर्य मावळायच्या आत सोनं लुटायला पाहिजे. फार वेळ थांबता यायचं नाही, नाहीतर साहेबांनी आपलं चालत यावं.

सर्जेराव उतरला. झाकणाचे नट हातानं फिरणारे होते म्हणून बरं. चटके खात त्यानं उघडलं. पंप जाम. पिन मोडून दोन तुकडे.

गर्दी हसली. शहरातला एक मिस्त्री दुसऱ्याला म्हणाला, "मोडायची न्हाई म्हनला हुता न्हवं?"

सर्जेरावाचे कान लाल झाले. त्यानं तुकडा हातावर घेतला. बघतो तर पिवळा धमक.

पितळ.

त्यानं वस्तादाकडं बघितलं. वस्ताद पायरीवरच बसलेला. मांडीवर पानाचा डबा, झाकणाला दोरा गुंडाळलेला. झाकणाच्या बिजागरीत आरपार एक पितळी दांडी असायची, इतकी वर्षं सर्जेरावानं ती बघितलेली. आता तिथं नुसती दोन भोकं.

"माझी पिन काढली तुम्ही," सर्जेराव हळू आवाजात म्हणाला. "डब्याची दांडी घातली. एवढ्या लोकात... माझं नाक कापलं वस्ताद."

वस्ताद काडी चावत होता.

"बोला की."

"पंपात काय हाय ते बघ आदी."

सर्जेरावानं बोट घातलं. आत गंजाचा खपला, सुपारीएवढा, पात्यात मुंडी घालून बसलेला. किती वर्षांचा कुणास ठाऊक. कोंबड्यांच्या काळातला असंल. चढाला पाण्यानं जोर केला, खपला सुटला आणि पंपात अडकला. पंप जाग्यावर थांबला, आणि इंजिन तर फिरतंय...

सर्जेरावाचा हात थांबला.

त्यानं खपला काढून टाकला. पुढं जाऊन हँडल लावलं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवलं. कान टेकवला. आतली दाताची चाकं एकामागनं एक येत होती, लोण्यातनं सुरी जावी तशी. एक दात हलला नव्हता. त्यानं परत फिरवलं. परत ऐकलं.

"माझी पिन असती तर ती न्हाई, दात गेलं असतं," तो म्हणाला. 

ओढ्याचं पाणी आणून बायकांनी इंजिनावर ओतलं. वाफ गेली. पण पिन कुठली आणायची? बाळासाहेबांनी विचारलं, पान्याची पेटी? भटजीच म्हणाले, पेटी पूजेत. कुणी म्हणालं, खिळा घाला. कुणी सायकलची तार देऊ केली. शहरातल्या मिस्त्र्यानं खिशातनं चांगली पोलादी सळी काढून पुढं धरली. तो काही सण पाळणारा नव्हता.

सर्जेरावानं सळी हातात घेतली. चांगली होती. बरोब्बर मापाची होती. कालचा दिवस असता तर त्यानं ती डोळे मिटून घातली असती.

त्यानं ती परत दिली.

मग तो पायरीपाशी आला आणि त्यानं वस्तादाच्या तोंडापुढं हात पसरला.

"द्या."

"काय?"

"ती काडी द्या."

वस्तादानं भुवई उचलली. "उष्टी हाय रं."

"असू द्या."

वस्तादानं तोंडातनं काडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. एका टोकाला चावून चावून कुंचा झालेला. सर्जेरावानं चारचौघात ती आपल्या दातात धरली, कुंचा तोडून थुंकला, साल सोलली आणि पिळून-चावून मापाला आणली. गर्दी अशी हसली की पालखीचे भोई सुद्धा हलायला लागले. सर्जेराव हसला नाही आणि रागावलाही नाही. काडी भोकात घातली, अंगठ्यानं दाबली, झाकण लावलं.

"मिस्त्री, बाभळीची काडी टिकंल व्हय?" शहरातल्यानं विचारलं.

"मोडंल," सर्जेराव म्हणाला. "मोडायलाच घातलीय."

त्या माणसानं त्याला मिस्त्री म्हटलं होतं. सर्जेरावाच्या ते ध्यानात आलं नाही. वस्तादाच्या आलं. त्यानं मिशीवरनं हात फिरवला आणि दुसरीकडं बघायला लागला.

गाडी पालखीच्या चालीनं माळावर पोचली. बाळासाहेब शमीपाशी उतरले तेव्हा त्यांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला, घोड्याला ठेवतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही. सोनं लुटलं गेलं. काडी जाताना टिकली, येतानाही टिकली. वाटेत सर्जेराव कुणाला काही सांगत नव्हता. हलगीवालाच सांगत होता, ओरडून, की वस्तादाच्या तोंडातली काडी घालून गाडी आणली आमच्या सर्ज्यानं.

रात्री कोल्हापूरला कारखान्यात परत आल्यावर सगळ्यांनी हत्यारांना आपट्याची पानं वाहिली. आता हात लावायला मोकळीक होती. सर्जेरावानं पाटावरचे झेंडू बाजूला सारले. हातोडी, कानस, पाने... आणि मधोमध, कुंकू लावून, मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेली त्याची पोलादाची पिन. चमकत होती.

तो बघतच राहिला. वस्तादानं ट्रंकेतनं गुलाबी फेटा काढला. एक टोक सर्जेरावाच्या दातात दिलं आणि सावकाश, ओढून ओढून, पेच घालायला लागला.  सर्जेराव तोंडात कापड धरून उभा, डोळ्यात पाणी, आणि मान अशी ताठ की वस्तादाला टाचा उचलायला लागत होत्या.

शेवटचा पेच बसला. सर्जेरावानं टोक सोडलं, पिन उचलली आणि पुढं धरली.

"वस्ताद... मग आता हिचं काय करू?"

वस्तादानं ती दिव्याकडं धरून फिरवून बघितली. बुडावरचं अक्षर बघितलं. पहिल्यांदाच म्हणाला, चांगली केलीयस.

"फेट्याला खोव," तो म्हणाला. "मिरवायला लई झ्याक हाय."