बिल्डरचा मेहुणा

निवृत्त परिचारिका इंदुमती येरुणकर यांनी चिपळुणात घरासाठी प्लॉट ठरवला. त्या जमिनीच्या मालकीवरून जुना वाद असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. बिल्डर खानविलकरांनी मात्र अट घातली, "जमिनीची मालकी तपासून विमा उतरवायचा तो माझ्या मेहुण्याच्याच कंपनीकडून. नाहीतर प्लॉट विसरा."

बाईंनी थेट सरकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार केली.

सुनावणीत खानविलकर ऐटीत म्हणाले, "साहेब, मेहुण्याची कंपनी वेगळी, ऑफिस वेगळं. व्यवहारात आम्ही नातं आणत नाही."

अधिकारी विचारात पडले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "असं असेल तर मी तक्रार मागे घेते. फक्त प्लॉटची मोजणी माझ्या भावाला करू द्या."

"वा!" खानविलकर उसळले. "तुमचा भाऊ तुमच्याच बाजूने मोजणार!"

"माझा भाऊ माझ्या बाजूने मोजणार, तर तुमचा मेहुणा कुणाच्या बाजूने तपासणार?"

अधिकाऱ्यांनी तिथेच हुकूम लिहिला: मालकी कुणाकडून तपासून घ्यायची, हे यापुढे प्रत्येक ग्राहक स्वतः ठरवील.

खानविलकरांचे इतर प्लॉटधारकही सुनावणीला आले होते; त्यांनी मागून टाळ्यांचा कडकडाट केला. शिपाई "शांत बसा" म्हणत पुढे आला खरा, पण त्यालाच हसू आवरेना.