तिसऱ्या दिवसाचा डोळा

वर्सोव्याच्या नागूबाई कोळणीला सुनेने हौसेने एका बड्या जपानी हॉटेलात नेलं. तिथे मागायचं नसतं, शेफ देईल ते खायचं. त्याने कच्च्या माशाची सुशी पुढ्यात ठेवली. नागूबाई म्हणाली, “आधी माशाचं डोकं दाखव.”

“आजी, हा मासळीबाजार नाही. मासा आज पहाटेचा आहे, डोळे मिटून खा!” शेफ म्हणाला. शेजारची माणसं हसली. तरी त्याने तोऱ्यात डोकं पुढे केलं.

नागूबाई त्या डोळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझा दादला होडीतून पडला, त्याचं मढं तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. त्याचेही डोळे असेच खोल गेले होते. मला पहाटेचं नको सांगूस, बाबा.”

शेजारच्या माणसांनी आपापली ताटं मागे सरकवली. शेफने ताट उचललं.