टेकडीमागची खेचरं

फार मागची गोष्ट आहे, दूरच्या रोम देशातली. तिथे एक सेनापती होता. त्याच्याजवळ फौज थोडी आणि काम मोठं. नदी पायी ओलांडता येते त्या उतारापाशी उभं राहून शत्रूला अडवायचं होतं. पाठीमागे एक गाव होतं. शत्रू नदी ओलांडून आला, की ते गाव जळालंच म्हणून समजा. मोठी फौज मदतीला निघाली होती, पण ती दुसऱ्या दिवशी पोचणार होती.

पलीकडच्या काठावर डोंगरी टोळ्यांचा राजा तळ देऊन बसला होता. त्याची माणसं नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेली.

सेनापतीकडे घोडे नव्हते. होती ती तंबू आणि दळणाची जाती वाहणारी खेचरं. सकाळीच त्याने खेचरवाल्यांना बोलावलं. म्हणाला, "बाबांनो, आज ओझी उतरवा आणि टेकडीमागे जा. खेचरांवर बसा, हातात लांब काठ्या धरा, शेपट्यांना फांद्या बांधा आणि फिरत राहा. धुरळा उडाला पाहिजे. काठ्यांची टोकं तेवढी वरून दिसू द्या."

एक म्हातारा खेचरवाला म्हणाला, "जन्मभर जाती वाहिली, मालक. आज घोडेस्वार झालो म्हणून सांगितलं, तर घरची काही खरं मानायची नाही."

उपसेनापती मात्र सेनापतीच्या कानाशी लागला. "आपल्या शिपायांनाही सांगू नका. घोडदळ आलं असंच वाटू द्या. त्यांची भीती जाईल."

आता त्या फौजेत एक रिवाज होता. लढाईआधी सेनापतीने मातीच्या ओट्यावर चढायचं आणि शिपायांशी बोलायचं. त्या ओट्यावरच्या शब्दावर शिपाई जीव टाकत. घोडदळ आलंय एवढं म्हटलं, की जयजयकार झाला असता. खरं सांगितलं, तर निम्मे पळालेही असते. सेनापती ओट्यावर चढला. मग बोलला.

"गड्यांनो, टेकडीमागे धुरळा दिसतोय, तो आपल्या खेचरांचा. घोडा एकही नाही. म्हणून कुणी पुढे धावू नका आणि जागा सोडू नका. मदत उद्या येईल. तोवर आपण आहोत, तेवढेच."

सगळे टेकडीकडे बघू लागले. मग मागून एकजण म्हणाला, "आमचं खेचर आहे का त्यात? मग शत्रूचं कठीण आहे. ते आम्हालाच लाथा घालतं."

हसू फुटलं. शिपायांनी खांद्यावरचे लाल शेले काढून खेचरवाल्यांकडे पाठवले. "घोडेस्वार व्हायचं तर नीट दिसा," म्हणाले.

दुपारी राजाने धुरळा पाहिला, काठ्यांची टोकं पाहिली आणि जरा थबकला. तरी त्याने माणसं पाण्यात घातलीच. तेवढ्यात एक खेचर स्वाराला पाडून सुटलं. पाठीवर स्वाराचा लाल शेला, शेपटीला फांदी, अशा थाटात ते टेकडी उतरून आलं आणि दोन्ही फौजांच्या देखत गवत खात उभं राहिलं.

उपसेनापतीचा चेहरा उतरला. "संपलं सगळं," तो पुटपुटला.

पण शिपायांना ठाऊकच होतं. एकजण म्हणाला, "सरका रे, घोडदळ आलं." दुसऱ्याने खेचराला वाकून मुजरा केला. सगळी रांग पोट धरून हसली, पण जागचा कुणी हलला नाही.

पलीकडे राजाचा भाऊ म्हणाला, "दादा, ती खेचरं आहेत. चला पुढे."

राजाने नकाराची मान हलवली. "लबाडी उघडी पडली असती, तर ती माणसं घाबरली असती. ती तर हसतायत. खेचर मुद्दाम सोडलंय, आपण भुलून पुढे जावं म्हणून. मागे काहीतरी मोठं आहे." आणि त्याने माणसं पाण्यातून मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी मोठी फौज आली. ती पाहून राजा न लढताच डोंगरात परतला. गावकरी टोपल्या भरभरून अंजिरं घेऊन नाचत आले.

उपसेनापती म्हणाला, "मी म्हटलं तसं केलं असतं, तर ते खेचर बघून आपलीच माणसं आधी पळाली असती."

"हो," सेनापती म्हणाला. "चल, अंजिरं संपतील."

तात्पर्य: शत्रूला चकवायचं असेल तर खुशाल चकवावं, पण जी माणसं आपल्याबरोबर उभी आहेत, त्यांना खरं तेच सांगावं.