चौथा वाटा

मुलांनो, एक छोटी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खाडीकाठी सोनचिखल्या पक्ष्यांचे एक म्हातारे जोडपे राहत असे. सोनचिखल्या म्हणजे पाठीवर सोनेरी ठिपके असलेला, चिखलातले किडे टिपणारा पक्षी. दिसायला मूठभर, पण पंख उघडले की समुद्र ओलांडतो. या जोडप्याला सगळी खाडी आजोबा-आजी म्हणे, तेव्हा आपणही तेच म्हणू.

आजोबांनी उभा जन्म थव्याच्या पुढे उडण्याचे काम केले होते. कोणता वारा धरून निघायचे, मध्ये कुठल्या खडकावर टेकायचे, सगळे तेच ठरवीत. वय झाले तशी ती जागा त्यांनी एका तरुण पक्ष्याला दिली. थवा चार कौतुकाचे शब्द बोलला, आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबांना काही विचारायला कुणी फिरकले नाही. निवृत्त झालेल्यांचे बहुधा असेच होते. पिल्ले तर केव्हाच आपापल्या वाटेने उडून गेली होती. धाकटी लेक समुद्रापलीकडच्या एका बेटावर संसार थाटून बसली होती.

"आता आपण मोकळे," आजी म्हणाली. "वर्षातनं एकदा तरी लेकीकडे जाऊ या. जमलं तर दोनदा."

हे शेजारच्या कावळ्याने ऐकले. "दोनदा? या वयात?" तो ओरडला. "आजोबा, एकदाच काय ते जा, हौस फेडून घ्या आणि मग इथं स्वस्थ बसा." कावळा जन्मात कधी खाडीबाहेर गेला नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे सल्ले भरपूर होते.

"हौस एकदाच फेडायची नाहीये रे," आजोबा म्हणाले. "पुन्हा पुन्हा जायचंय. म्हणून तर बेतानं जायचं."

माणसे प्रवासाला निघताना गाठीला पैसे बांधतात. पक्षी काय बांधणार? त्यांची पुंजी म्हणजे अंगावरची चरबी. निघण्याआधी खाऊन खाऊन ती साठवायची आणि वाटेत थोडी थोडी खर्चायची. समुद्रावर उधार कुणी देत नाही. आणि आजोबांची चोच आता पूर्वीसारखी चालत नव्हती. तरुणपणी एका ओहोटीत जेवढे मिळे, त्याच्या निम्मे मिळाले तरी हल्ली नशीब म्हणायचे.

म्हणून आजोबांनी पुंजीचे तीन वाटे ठरवले. एक जाण्याचा, दुसरा येण्याचा आणि तिसरा वाईट वाऱ्याचा. तिसऱ्याला काही झाले तरी उगाच हात लावायचा नाही. हे वाटे पुरते जमले की नाही हे पाहायची त्यांची रीतही गमतीची होती. पाण्यावर झुकलेली कांदळाची एक कोवळी फांदी त्यांनी हेरून ठेवली होती. तिच्या टोकावर उभे राहायचे. टोक पाण्याला टेकले, की तिन्ही वाटे अंगात आले असे समजायचे. नाही टेकले, तर मुकाट्याने उतरायचे आणि पुन्हा चिखलात चोच खुपसायची.

बाकीचे बेतही तसेच काटेकोर. सगळे थवे निघतात तेव्हा निघायचे नाही, कारण वाटेतल्या खडकांवर पाय ठेवायलाही जागा उरत नाही. गर्दी ओसरली, वारा पाठीशी आला, की दोघांनीच सावकाश निघायचे. ओझे म्हणून न्यायचे नाही. यावर मात्र आजी रुसली.

"लेकीकडे रिकाम्या चोचीनं जाऊ? नातवंडं काय म्हणतील?"

"चोचीत ओझं धरलं तर श्वास कसा घेशील? समुद्र आहे तो, ओढा नाही."

"एक शिंपला तरी?"

"बरं, एक. तोही लहानातला लहान."

अशी ती दोघे वर्षातून एकदा, कधी दोनदा, समुद्रापार जाऊन येऊ लागली. खडकावर टेकत, वाऱ्याचा रोख बघत, एकमेकांना हाक देत. संध्याकाळी पाण्यावर ऊन पसरले की आजी म्हणे, "अहो, पिल्लांच्या मागे धावताना हे सगळं बघायचंच राहून गेलं होतं." आपण अजून उडतो आहोत, बरोबर ही आहे, आणि पलीकडे कुणीतरी वाट बघत आहे, याचे आजोबांना मनापासून कौतुक वाटे.

मग अडचण कुठे होती? सांगतो. अडचण होती आजोबांच्या एका नियमात. लेकीच्या घरी गेलेल्या आईबापांनी तिथले काही खायचे नाही, अशी त्यांच्या थव्यात जुनी चाल होती. बाकीचे पक्षी ती कधीच विसरले होते. आजोबांनी मात्र ती घट्ट धरून ठेवली होती. त्या बेटावर किनाऱ्याचा तुकडा न् तुकडा कुणा ना कुणा जोडप्याचा ठरलेला. लेकीच्या तुकड्यावरचे खायचे नाही, दुसऱ्याच्या तुकड्यावर जायचे नाही. मग उरले काय? लाटेबरोबर वाहत आलेले, कुणाच्याच मालकीचे नसलेले दोन-चार शेवाळाचे तुकडे!

लेक बिचारी ताजे किडे काढून समोर ठेवी. "बाबा, घ्या ना."

"आत्ताच पोट भरलंय गं."

दुसऱ्या दिवशी, "आज उपास आहे." तिसऱ्या दिवशी, "चोच जरा दुखतेय." शेवटी एका नातवाने विचारलेच, "आजोबा, तुमचा उपास सुटतो तरी कधी?" सगळे हसले. लेक मात्र हसली नाही, तिने किडे उचलले आणि ती पाठमोरी झाली. आजोबांना वाटले, पोरीला काम असेल.

पहिल्या काही खेपांना हे निभावले, कारण मुक्काम लहान असे. त्या वर्षी मात्र नातवंडे उडायला शिकत होती. आजीचा पाय निघेना. "आजचा दिवस राहू या" असे म्हणता म्हणता मुक्काम लांबला. येण्याच्या वाट्यातून रोज थोडे थोडे झिजत गेले. तो वाटा संपला तेव्हा तिसऱ्या वाट्याला हात लागला. आजोबांना हे कळत होते. एवढा जन्म पुढे उडण्यात घालवलेल्याला कळणार नाही तर कुणाला? पण कळून घेतले असते, तर लेकीकडे खावे लागले असते.

परतीचा वारा सुटला. त्या बेटावरही त्यांनी मोजायची एक फांदी हेरून ठेवली होती. आजोबा तिच्यावर उभे राहिले. टोक पाण्याला टेकेना. तेवढ्यात एक लाट उंच आली आणि टोकाला चाटून गेली.

"टेकली," आजोबा म्हणाले. "आता तू ये."

"माझं काय बघायचं?" आजी घाईने म्हणाली. "मी नेहमीच तुमच्याहून हलकी. चला, वारा जाईल."

एरवी आजोबांनी तिला फांदीवर चढवल्याशिवाय पाऊल उचलले नसते. त्या दिवशी त्यांनी आग्रह केला नाही. नातवंडांच्या डोक्यावरून चोच फिरवून दोघे उडाली. लेक किनाऱ्यावर उभी राहिली.

बेट मागे पडले. सुरुवातीला आजी रोजच्यासारखी बोलत होती. मग हुंकार देऊ लागली. मग तेही थांबले. थोड्या वेळाने तिचा आवाज खालून आला.

"अहो, मी जरा खालनं येते. खालून लाटा काय सुंदर दिसतायत!"

 थव्याच्या पुढे उडताना हे बोलणे आजोबांनी पूर्वीही ऐकले होते. समुद्राच्या मध्यावर ज्याला लाटा जवळून बघाव्याशा वाटतात, त्याच्या पंखात बळ उरलेले नसते. तो तसे कबूल करत नाही, एवढेच. आणि असा खाली गेलेला पक्षी पुन्हा वर आलेला त्यांनी पाहिला नव्हता.

ते झपकन खाली उतरले. आजीचे पोट खपाटीला गेले होते. पंख पाण्याला टेकायला आले होते. पुढे पाहिले तर नुसते पाणी. मागे पाहिले तर बेटाची काळी रेघ अजून दिसत होती. आपल्या अंगातले काढून हिला देता आले असते तर त्यांनी सगळे दिले असते. पण पक्ष्यांना तसे देता येत नाही. तिचा वाटा तिच्याच अंगात असायला हवा होता, आणि तो तिथे नव्हता, कारण आजोबांनी तिला तो खाऊ दिला नव्हता.

"वळ," आजोबा म्हणाले. "माझ्या पंखाच्या आडोशाला ये आणि वळ."

"काय झालं? काही राहिलं का?"

"राहिलं."

"काय राहिलं? आपण तर रिकाम्या चोचीनं निघालो."

"लेकीकडे जेवायचं राहिलं गं," आजोबा म्हणाले.

 आजी त्यांच्या पंखाआड सरकली. वारा आता समोरून येत होता. आजोबा पुढे होऊन तो छातीवर घेत राहिले आणि दर थोड्या वेळाने मागे हाक देत राहिले. "आहेस ना?" "आहे." "आहेस ना?" "आहे हो." रेघेचे बेट झाले, बेटाचा किनारा झाला, आणि दोघे ओल्या वाळूवर जवळजवळ पडलीच.

लेक होती तिथेच उभी होती. ती धावत आली. "का परत फिरलात?" असे तिने विचारले नाही. विचारले असते तर आजोबांना कदाचित सोपे गेले असते. काहीतरी बहाणा सांगता आला असता. पण ती नुसती आईला पंखाने सावरत राहिली. तेव्हा ज्यांनी जन्मात कुणापुढे चोच उघडली नव्हती, ते आजोबा मान खाली घालून म्हणाले,

"पोरी, काही आहे का गं खायला?"

लेकीचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही दर वेळी उपाशी परत जायचात. मला वाटायचं, माझ्या किनाऱ्यावरचं तुम्हाला गोड लागत नाही. माझा संसारच तुम्हाला पसंत नाही."

आजोबा हबकले. आपण लेकीचा भार वाचवतो आहोत असे त्यांना वाटत होते. आपण तिला इतकी वर्षे दुखवतो आहोत हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. "नाही गं बाळे," ते म्हणाले.

मग लेकीने किडे आणले, जावयाने छोटे शिंपले फोडून दिले, नातवंडांनी कुठले कुठले बारीक झिंगे पकडून आणले. त्यांतले निम्मे वाटेत सांडले, निम्मे त्यांनीच खाल्ले. आधी आजीला भरवले. तिच्या डोळ्यांत जीव आला, तेव्हा आजोबांनी पहिला घास घेतला. तो त्यांना इतका गोड लागला की गिळवेना. मुलांनो, घास गिळवत नाही तो दर वेळी दुःखानेच असे नाही.

पुढे कित्येक दिवस दोघे लेकीकडे पोटभर जेवली. बसून मात्र खाल्ले नाही हं! आजी नातवंडांना निजवी, आजोबा त्यांना वारा कसा ओळखायचा ते शिकवीत. निघण्याच्या दिवशी आजोबांनी आधी आजीला फांदीवर उभे केले. टोक पाण्यात चांगले बुडाले. लाट नसतानाही बुडाले, हे त्यांनी वाकून पाहिले. त्या खेपेला वाटेत वारा फिरला, दोघांना एका खडकावर अडकून पडावे लागले, आणि तिसरा वाटा उपयोगी आला. तरी दोघे सुखरूप खाडीत उतरली.

त्यानंतर आजोबांचा बेत बदलला. वाटे मोजणे त्यांनी सोडले नाही, ओझे नेणे सुरू केले नाही, की गर्दीत जाणेही. फक्त तिनाचे चार वाटे झाले. चौथा लेकीचा. तो घरून न्यायचा नाही, तिथे जाऊन आनंदाने घ्यायचा. आणि लेक-जावई खाडीवर आले की त्यांना, तेच 'आता पुरे' म्हणेपर्यंत, खाऊ घालायचे. त्या एका वाट्यामुळे प्रवास सुखाचे झाले, मुक्काम हवे तेवढे लांबले, आणि वर्षातून दोनदा जाणे सहज जमू लागले.

कावळ्याला हे कोडे उलगडेना. "आजोबा," त्याने एकदा विचारले, "चोच तर तुमची पूर्वीपेक्षा मंद झालीय. मग हे सगळं परवडतं कसं?"

"माझ्या एकट्याच्या जिवावर परवडतच नाही रे," आजोबा हसून म्हणाले. "वारा थोडं ढकलतो, खडक थोडं टेकू देतो, ही सोबत करते, लेक जेवू घालते. सगळ्यांची कृपा आहे बाबा."

तेवढ्यात आजीने हाक मारली. वारा पाठीशी आला होता. आजोबांनी कावळ्याचा निरोप घेतला, आजीला पंखाच्या आडोशाला घेतले, आणि दोघे समुद्राकडे निघाली.

तात्पर्य एवढेच : अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण मायेच्या माणसाने आपले पांघरूण पुढे केले, तर आखडून न बसता ते कृतज्ञतेने अंगावर घ्यावे.