नाकभर ऑफसाईड

कोल्हापुरात दोन तालमींच्या जुन्या खेळाडूंचा फुटबॉल सामना रंगला होता. हरणाऱ्या तालमीनं जिंकणाऱ्यांना तांबडा-पांढरा रस्सा करून वाढायचा, अशी पैज होती. अगदी शेवटी चिंचवेस तालमीच्या निवासनं गोल ठोकला आणि अख्खी चिंचवेस नाचायला लागली.

"ऑफसाईड! व्हिडिओ लावा!" हौदगल्ली तालमीचे अध्यक्ष धैर्यशीलराव ओरडले. व्हिडिओचं यंत्र त्यांनीच मिरवत आणलेलं, आणि हौदगल्लीचे शेवटचे बचावपटूही तेच. पास सुटताना निवास त्यांच्या पुढं असेल, तर गोल बाद.

पडद्यावर चित्र थांबलं. दोघंही गोलकडे तोंड करून धावत होते. यंत्रवाल्यानं मोठ्या अदबीनं अध्यक्षांच्या छातीला टेकवून रेघ ओढली. निवासचं नाक तेवढं रेघेपलीकडे गेलेलं.

"अंगाचा जो भाग पुढं, तो मोजायचा!" धैर्यशीलराव गरजले. "यंत्राला लहान-मोठा कळत नाही."

निवासनं आपलं लांबलचक नाक चोळलं. "सगळ्यांचंच मोजायचं न्हवं, साहेब?"

"सगळ्यांचं!"

"मग रेघ छातीलाच का अडली? तुमचं पोट माझ्या नाकाच्या कितीतरी पुढं पळतंय की!"

मैदानात हशा उसळला. पंचांनी हसू दाबत रेघ पोटापर्यंत सरकवायला सांगितली. धैर्यशीलरावांनी घाईघाईनं श्वास ओढून पोट आत घेतलं.

"आता आत घेऊन काय उपयोग, साहेब?" निवास म्हणाला. "पडद्यावरचं बाहेरच हाय!"