ओवियाच्या शेताशी वळलेला रस्ता

बसमधून उतरताना तुमच्यातल्या एकदोघांचे चेहरे पांढरेफटक पडलेले पाहिले मी. वळण आहेच तसं. रोमहून निघालेला हा जुना रस्ता दोरी लावून आखल्यासारखा सरळ येतो. डोंगर फोडतो, दलदल बुजवतो आणि आमच्या रोक्कावेल्ला गावाखाली मात्र सातूच्या एका लहानशा शेताला निमूटपणे वळसा घालतो. शेताच्या कडेला कमरेएवढ्या उंचीचा दगड दिसतोय ना, त्याचं हे काम. मी आसुंता, वय वर्षं चौऱ्याऐंशी. आमच्याकडे सांगतात तसं सांगते, पुस्तकात शोधत बसू नका.

रोम तेव्हा फार मोठं नव्हतं, पण त्याची भूक मोठी होती. आम्हा डोंगरातल्या लोकांशी ते तीन पिढ्या लढलं आणि शेवटी आम्ही हरलो. हरलेल्यांची सगळी जमीन घ्यायची नाही, अशी त्यांची रीत होती म्हणे. दोन हिस्से घेऊन तिथं आपले जुने सैनिक वसवायचे, तिसरा हिस्सा मूळ धन्याला सोडायचा. याला कोणी दया म्हणतात. मला नाही तसं वाटत. ज्याच्याकडे थोडं उरलंय तो गप्प बसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ओविया आमच्याच गावची, तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे त्या लढाईत गेले. वाट्याला उरलं हे अरुंद शेत, आणि त्यावर जगणारी सून व तीन नातवंडं. जमिनीची वाटणी करायला रोमहून नेरियस नावाचा मोजणीदार आला होता. प्रत्येक हद्दीवर तो खड्डा खणायचा, त्यात कोकराचं रक्त, मध आणि सातू घालून वर निखारे ठेवायचा आणि तापलेल्या खड्ड्यात दगड रोवायचा. मग मोठ्यानं शपथ म्हणायचा, की हा दगड जो हलवेल तो आणि त्याचे बैल देवांच्या स्वाधीन होवोत. ओवियाला त्यांच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. ती दिवसभर त्याच्या मागून दगडामागून दगड हिंडली. बाविसाव्या दगडाशी तिला शपथ पाठ झाली, असं सांगतात.

सहा वर्षांनी हुकूम आला, की दक्षिणेकडे फौज नेण्यासाठी सरळ रस्ता हवा. आखणीला पुन्हा नेरियसच आला. काठीला ओळंबे टांगून त्यानं नजर लावली, तर रेघ थेट त्यानंच रोवलेल्या दगडावरून शेतात शिरत होती. रस्ता तसा गेला असता, तर दोन्ही बाजूंना नुसत्या चिंधोट्या उरल्या असत्या. बैलजोडी वळायलाही जागा नाही, मग पेरायचं काय आणि पोरांना घालायचं काय?

मजूर पहारी घेऊन आले तेव्हा ओविया दगडावर हात ठेवून उभी होती. तिनं ती शपथ म्हणायला सुरुवात केली, त्यांच्याच भाषेत. उच्चार मोडकेतोडके, पण शब्द एकही चुकला नाही. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. रस्त्याच्या कामावर नेमलेल्या रोमच्या सरदारानं सैनिकांना पुढे केलं, तर तेही जागचे हलेनात. त्यांच्याही गावी शेतं होती आणि शेतांना असेच दगड होते. तीन दिवस ती तिथंच बसून राहिली. सून पेज आणून द्यायची. कोणी जवळ आलं, की ओविया पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

चौथ्या दिवशी सरदार चिडला. नेरियसला म्हणाला, "तू रोवलास, तूच उपट."

नेरियसनं पहार उचलली. मग त्यानं ती खाली टाकली.

"सरदार, रस्ता वळवला तर फौज शंभर पावलं जास्त चालेल. दगड उपटला तर पुढच्या गावात आपल्या दगडाला कोण विचारेल? दर बांधावर उभी करायला आपल्याकडे फौज नाही. दगडच आहेत."

सरदार घोडा वळवून निघून गेला आणि आखणीचे ओळंबे शेताबाहेर सरकले. नेरियसला वाटलं, बाई आभार मानेल. ओविया एव्हाना त्यांची भाषा थोडी शिकली होती. ती म्हणाली, "माझे दोन हिस्से तुम्ही नेलेत. तिसरा तुझ्याच शब्दानं राहिला, त्याचे आभार कसले? रस्ता नीट बांध म्हणजे झालं. त्याचं पाणी माझ्या शेतात यायला नको."

पुढे रोम अर्ध्या जगाचं धनी झालं आणि मग तेही गेलं.

आजही गावात नवा महापौर निवडून आला, की पहिल्या दिवशी त्याला या दगडाशी उभं करतात आणि गावातली सर्वांत वयस्कर बाई त्याच्या तोंडावर ती शपथ म्हणते. यंदा माझा धाकटा निवडून आला. मोठ्या बसगाड्यांसाठी हे वळण काढून टाकीन, असं लोकांना सांगूनच आला होता. मी दगडावर हात ठेवला आणि शपथ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटली. तो मान खाली घालून ऐकत होता. वळण काढायच्या हुकमाचा कागद त्यानं सही न करताच घडी घालून खिशात ठेवला. दोन महिने झाले, तो माझ्याशी बोललेला नाही. घास गोड लागत नाही मला. पण उद्या त्याला पुन्हा इथं उभं केलं, तर मी पुन्हा म्हणेन.