पाकोळीचं घरटं आणि जड जड ट्रक

नदीवर होता एक पूल. दगडी पूल, लांबच लांब पूल. सगळ्यांना पाठीवर घ्यायचा. सायकली घ्यायचा. बैलगाड्या घ्यायचा. शाळेची पिवळी बस घ्यायचा. कधी म्हणून कुरकुरला नाही!

पुलाच्या पोटाशी राहायची एक पाकोळी. एवढंसं पाखरू. शेपटी कातरीसारखी.

पाकोळीनं घरटं बांधलं. चोचीत चिखल आणला, थप्प! अजून चिखल आणला, थप्प! झालं घरटं. आता त्यात अंडी घालायची.

तेवढ्यात ट्रक आला. काठोकाठ दगड भरलेला. घर्रर्र घर्रर्र!

पूल हलला. थडथड थडथड!

घरट्याचा तुकडा पडला. डुबुक! गेला पाण्यात.

"अगं बाई गं!" पाकोळी म्हणाली. "आत अंडी असती तर?"

पाकोळी उडाली, भुर्र भुर्र. पुलाच्या कानाशी गेली.

"पूलदादा, पूलदादा, हलू नकोस.
माझं घरटं टिकेना!"

पूल म्हणाला, "मी नाही थांबायचा. ट्रक किती जड! माझी पाठ दुखते, कंबर दुखते. ट्रक हलका झाला, तर मी थांबेन."

पाकोळी उडाली, भुर्र भुर्र. ट्रक खाणीपाशी उभा होता. पुन्हा दगड भरून घेत होता.

"ट्रकदादा, ट्रकदादा, हलका हो.
पूल थांबेना,
माझं घरटं टिकेना!"

ट्रक म्हणाला, "मी नाही हलका व्हायचा. सर्जेमामांनी दगड भरले, मी घेतले. मामांनी दगड काढले, तर मी हलका होईन."

पाकोळी उडाली, भुर्र भुर्र. ट्रक चालवणारे सर्जेमामा झाडाखाली चहा पीत होते. सुर्रक सुर्रक!

"मामा, मामा, दगड काढा.
ट्रक हलका होईना,
पूल थांबेना,
माझं घरटं टिकेना!"

सर्जेमामा म्हणाले, "मी नाही काढायचा. एका खेपेत सगळे दगड नेले की काम झटपट होतं. वजनकाटा 'जड' बोलला, तर मी काढीन."

मामांनी चहा संपवला. मामा ट्रकमध्ये चढले. ट्रक निघाला, घर्रर्र!

बाई गं! आता?

पाकोळी उडाली, भुर्र भुर्र भुर्र! रस्त्याच्या कडेला होता वजनकाटा. ट्रक त्याच्यावर उभा राहिला, की काटा वजन सांगतो.

"काटेदादा, काटेदादा, 'जड' बोल.
मामा दगड काढेना,
ट्रक हलका होईना,
पूल थांबेना,
माझं घरटं टिकेना!"

काटा म्हणाला, "मी नाही बोलायचा. ट्रक माझ्यावर येतच नाही. बाजूनं सुसाट जातो. फाटक पडलं, तर ट्रक वळेल. ट्रक वळला, तर मी बोलेन."

लांबून आवाज आला, घर्रर्र घर्रर्र!

पाकोळी उडाली, भुर्र भुर्र. रस्त्यावर होतं फाटक. लाल-पांढरं, हात वर करून उभं.

"फाटकदादा, फाटकदादा, खाली पड.
काटा बोलेना,
मामा दगड काढेना,
ट्रक हलका होईना,
पूल थांबेना,
माझं घरटं टिकेना!"

फाटक म्हणालं, "मी नाही पडायचं. शिट्टी वाजली, तरच मी पडेन."

शिट्टी कुणाकडे? काट्याजवळच्या खोलीत एक ताई आली होती. यमुनाताई. खाकी कपडे, गळ्यात शिट्टी. आज तिचा कामाचा पहिलाच दिवस!

पाकोळी खिडकीत बसली. दमली होती बिचारी. धाप लागली होती.

"ताई, ताई, शिट्टी वाजव.
फाटक पडेना,
काटा बोलेना,
मामा दगड काढेना,
ट्रक हलका होईना,
पूल थांबेना,
माझं घरटं टिकेना!"

आता ताई काय म्हणाली असेल? "मी नाही वाजवायची"?

छे! ताई ताडकन उठली. म्हणाली, "वाजवते की! माझं कामच आहे ते."

ताईनं शिट्टी वाजवली, फुर्रर्र!
फाटक पडलं, धप्प!
ट्रक वळला आणि काट्यावर चढला.
काटा बोलला, "जड! जड! फार जड!"

सर्जेमामांनी डोकं बाहेर काढलं. "अहो ताई, जाऊ द्या की. रोज जातो मी."

ताई म्हणाली, "नाही मामा. याच पुलावरून शाळेची बस जाते. पुलाला सोसेल तेवढंच न्या. बाकीचं दुसऱ्या खेपेला."

मामांनी पुलाकडे पाहिलं. पिवळी बस चालली होती. मुलं हात हलवत होती. मामांनीही हात हलवला.

"खरं आहे, ताई," मामा म्हणाले. "चुकलंच माझं."

मामांनी दगड काढले, धडाड धुडुम! धडाड धुडुम! ताईनंही हात लावला.
ट्रक हलका झाला, हुश्श!
मग ताईनं फाटक उघडलं. ट्रक पुलावर गेला. हळूहळू, हळूहळू.

पूल हलला का?
नाही हलला!
घरटं पडलं का?
नाही पडलं!

पूल म्हणाला, "वा गं पाकोळे! एवढीशी तू, आणि केवढं काम केलंस!"

पाकोळी लाजली. नदीकाठी गेली. चोचीत चिखल आणला, थप्प! घरटं पुरं झालं. पाकोळीनं त्यात अंडी घातली. ऊब दिली. वाट पाहिली.

एके दिवशी दुपारी यमुनाताई डबा घेऊन नदीवर आली. पुलाच्या सावलीत बसली. वरून आवाज आला, चीं चीं चीं!

ताईनं वर पाहिलं.

घरट्यातून पिल्लं डोकावत होती. डोकी इवलीशी, आणि चोची उघडून सगळी ओरडत होती, "खाऊ! खाऊ! खाऊ!"